घाबरलेलं शरीर भीतीच शिकतं : क्रीडा आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : खेळ शिकणाऱ्या मुलांच्या मनातली भीती आणि प्रशिक्षकांचं प्रशिक्षण

महोदय,


मी विठ्ठलवाडीत राहते आणि शारीरिक शिक्षण शिकवते. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेनं निघालं की पहिलं स्टेशन आमचं. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्यात मुलं भरपूर आणि मोकळ्या जागा थोड्या. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास येतो तोही घाईत, आणि बहुतेक मुलांची खेळाशी पहिली ओळख शिट्टी, ओरडा आणि इतरांचं हसणं यांच्या गलक्यात होते. मैदानं, गाद्या, साहित्य यांविषयी आपल्याकडे पुष्कळ पत्रं येत असतील. मला त्या पहिल्या ओळखीविषयी लिहायचं आहे. घाबरवून शिकवलेली हालचाल नीट शिकली जात नाही, असं अनेक शिक्षक अनुभवानं सांगत आले आहेत. आता मेंदूचा आणि हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यामागची कारणंही दाखवली आहेत. आपल्या खात्यानं ती प्रशिक्षकांपर्यंत पोचवावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

उदाहरण मल्लखांबाचं घेते, कारण तो आपल्या मातीतला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला वळण दिलं. २०१९ साली शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २०२४ मध्ये उदय देशपांडे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. एरंडेल चोळलेल्या लाकडी खांबावर मुलगी पहिल्यांदा अढी मारायला जाते, तेव्हा तिला उलटं व्हायचं असतं, मांड्यांनी खांब पकडायचा असतो आणि मग हात सोडायचे असतात. खालून आवाज येतात : हात सोड, पाय दाब, मान वर, घाबरतेस काय! ती मांड्या आवळते, पण त्यांच्याबरोबर खांदे, मान, जबडा, हाताची बोटं असं सगळंच आवळते. श्वास रोखते आणि घसरते. खाली हशा पिकतो. ‘हिला जमणार नाही,’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो.

त्या क्षणी तिच्या आत काय झालं, ते पाहू.

कोणतीही नवी हालचाल सुरुवातीला डोक्यानं करावी लागते. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या : आधी समजून-उमजून, जपून करणं, मग चुका सुधारत जुळवणं, आणि शेवटी विचार न करता होऊन जाणं. पहिल्या पायरीवर सगळा भार कपाळामागच्या अग्रमेंदूवर असतो. सूचना लक्षात ठेवणं, पाय कुठे आणि हात कुठे याचा मेळ घालणं, मागची चूक आठवून पुढचा प्रयत्न बदलणं ही कामं तो करतो. सराव वाढतो तसा हा भार उतरतो आणि अनुमस्तिष्क व मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांकडे जातो. शिकणं म्हणतात ते बरंचसं हेच हस्तांतर आहे.

पण अग्रमेंदूची तात्पुरती आठवण फार लहान असते. सकाळी विठ्ठलवाडीला थांबणारी लोकल कल्याणच्या अलीकडेच भरून आलेली असते. दारातली माणसं आत सरकत नाहीत आणि फलाटावरचा माणूस फलाटावरच राहतो. काळजीनं भरलेल्या डोक्यात प्रशिक्षकाच्या सूचनांचं तसंच होतं. ‘पडले तर’, ‘सगळे बघताहेत’, ‘सर परत ओरडतील’ हे विचार आधीच दार अडवून उभे असतात. मायकेल आयझेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे. काळजी लक्षाचा ताबा घेते, आणि ठरवलेल्या कामाकडे लक्ष देण्याऐवजी माणूस धोक्याच्या खुणा शोधत राहतो. मुलगी सूचना ऐकत नव्हती असं आपण म्हणतो, पण ती ऐकायला जागाच उरलेली नसते.

रसायनांचीही यात भर पडते. मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग धोका हेरतो आणि इशारा देतो. नॉरएड्रेनॅलिन वाढतं, हृदय धडधडतं, काही मिनिटांत कॉर्टिसॉलही चढतं. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टन यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं की ही रसायनं बेताची असतात तोवर अग्रमेंदू तल्लख राहतो. ती फार वाढली की त्याची पकड सुटते आणि सूत्रं जुन्या, ठरीव प्रतिक्रियांकडे जातात. रस्त्यात साप दिसला तर हे उपकारकच. नवी अढी शिकताना मात्र ज्याची सर्वांत जास्त गरज, तोच भाग बाजूला पडतो.

मग शरीराकडे या. नेदरलँड्समध्ये रॉब पाइपर्स, राउल आउडेयान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम कड्यावर नवख्यांना चढवलं. हातापायांसाठीचे आधार तेच, त्यांची मांडणीही तीच. एकदा जमिनीलगत आणि एकदा उंचावर. मार्गाची अवघडता बदलली नव्हती, फक्त भीती वाढली होती. उंचावर त्यांना वेळ जास्त लागला, हृदयाचे ठोके वाढले, स्नायू जास्त दमले आणि हालचालींतला सहजपणा गेला. घाबरलेलं शरीर सांधे जखडून घेतं. एकमेकांविरुद्ध काम करणारे स्नायू एकाच वेळी ताणले जातात आणि जिथे सैल पडायला हवं तिथे ताठरपणा येतो. खांबावरची मुलगी जबडा आवळते ते यामुळे.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. स्पर्धेच्या दिवशी भीतीनं खेळ बिघडला, तर तो दिवस गेला. शिकण्याच्या दिवसांत भीती असेल, तर बिघाड मुरतो. मेंदू सरावातून पक्की करतो ती प्रत्यक्ष घडलेली हालचाल. आपल्या मनात होती ती नव्हे. महिनाभर ताठरलेल्या अंगानं अढी मारली, तर तो ताठरपणाही अढीचा भाग होऊन बसतो. शिवाय अमिग्डलाचं शिकणं वेगवान असतं. खांब, तो आवाज, ती जागा आणि भीती यांची गाठ एक-दोन कटू प्रसंगांतही बसू शकते, तर कौशल्य पक्कं व्हायला शेकडो आवर्तनं लागतात. ती आवर्तनं व्हायच्या आतच मुलगी ‘पोटात दुखतंय’ म्हणून बाकावर बसायला लागते. झोपेचाही यात वाटा आहे. बोटांच्या हालचालींवरच्या प्रयोगांत मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की शिकलेली हालचाल रात्रीच्या झोपेनंतर अधिक सफाईदार होते. उद्याच्या तासाच्या धास्तीनं ज्या मुलाचा डोळा लागत नाही, त्याच्या पदरात ही कमाईदेखील पडत नाही.

भीती फक्त नवख्यांना छळते असं नाही. तयार खेळाडूला ती वेगळ्या वाटेनं गाठते. नवख्याचं लक्ष ती कामावरून उडवते. तरबेज खेळाडूचं लक्ष ती नको इतकं कामाला चिकटवते. जी हालचाल आपोआप होत होती, तिच्यावर तो पुन्हा देखरेख ठेवू लागतो. सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अनुभवी फुटबॉलपटूंना चेंडू शंकूंमधून नेताना पायाची कोणती बाजू चेंडूला लागते याकडे लक्ष द्यायला सांगितलं, आणि त्यांच्या सवयीच्या पायाचा वेग मंदावला. नवख्यांना मात्र तसं लक्ष देण्याचा फायदा झाला. म्हणजे शिकवण्याची एकच पट्टी सगळ्यांना लावून चालत नाही.

सूचनांचा भडिमार कसा अंगाशी येतो, हे रिच मास्टर्स यांच्या १९९२च्या प्रयोगातून दिसतं. गोल्फचा चेंडू खळग्यात घालायला त्यांनी काहींना तपशीलवार लेखी सूचना देऊन शिकवलं. दुसऱ्या गटाला सूचना दिल्या नाहीत; उलट सराव करताना त्यांनी मनाला येतील ती अक्षरं उच्चारत राहायची होती, म्हणजे हालचालीचा विचार करायला सवडच नाही. नंतर दोन्ही गटांवर दडपण आणलं. सूचनांवर शिकलेले जागच्या जागी अडले. नकळत शिकलेले दडपणातही सुधारत राहिले. ज्याच्याकडे हालचालीचे नियम शब्दांत साठलेले असतात, तो घाबरला की त्या नियमांकडे धावतो आणि हालचालीचे तुकडे करून बसतो.

याला जोडूनच गॅब्रिएल वुल्फ यांचं काम आहे. स्कीच्या सरावयंत्रावर पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायांखालच्या यंत्राच्या चाकांकडे लक्ष देणारे चांगले शिकले, असं त्यांना १९९८ मध्ये आढळलं. शरीराच्या अवयवापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष लावलं की शिकणं सोपं होतं, याला त्यानंतर अनेक खेळांतून दुजोरा मिळाला. आपल्या मैदानावर याचा अर्थ सरळ आहे. ‘कोपर वर, मनगट आत, कंबर फिरव’ असा पाढा म्हणण्याऐवजी ‘त्या चुन्याच्या रेघेपलीकडे गोळा पाडायचाय’ असं सांगा. ‘मांडी दाब’पेक्षा ‘खांब घट्ट धरून ठेव, हलू देऊ नकोस’ हे मुलीला लवकर कळतं.

महाराष्ट्राला हे सगळं आपल्याच एका खेळाडूनं जगाच्या मंचावर दाखवलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आपल्याच खात्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि मध्य रेल्वेत, म्हणजे आमच्या विठ्ठलवाडीवरून धावणाऱ्या रेल्वेतच, तिकीट तपासनीस झाला. २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. एक नेम ७.६ वर गेला आणि तो चौथा आला. दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये त्याच प्रकारात त्यानं ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला महाराष्ट्रीय. त्या दिवशी छातीतली धडधड वाढलेली होती, पोटात फक्त काळा चहा होता, आणि गुणफलकाऐवजी आपण श्वासाकडे लक्ष ठेवलं, असं त्यानं पदकानंतर सांगितलं. भीती पॅरिसमध्येही होतीच. तिच्यासह नेम कसा धरायचा, हे तोवर त्याच्या अंगवळणी पडलं होतं. ही सवय शिकवता येते. प्रबोधिनीत निवड झालेल्या मोजक्यांपर्यंत ती पोचते, तशी शाळेच्या मैदानावरच्या प्रत्येक मुलापर्यंत पोचायला काय हरकत आहे?

‘थोडा धाक हवाच, नाहीतर मुलं शिकत नाहीत,’ असं अनेक सहकारी म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांना विजेचे सौम्य-तीव्र झटके देऊन योग्य पेटी ओळखायला शिकवलं. काम सोपं होतं तेव्हा तीव्र झटक्यांनी शिकणं वेगात झालं. काम अवघड झालं तेव्हा मध्यम झटका सर्वांत उपयोगी ठरला आणि तीव्र झटक्यानं शिकणं मंदावलं. मैदानाला दोन फेऱ्या मारायला धाक चालून जातो, कारण धावणं मुलाला येतंच. पण अढी, खो-खोतलं खांबावरचं वळण, कबड्डीतली पकड, गोळाफेकीतला पायांचा ताल या शिकण्याच्या गोष्टी आहेत. आणि शिकण्याच्या गोष्टी अवघड असतात. नेमका तिथेच आपण सर्वांत मोठ्यानं ओरडतो.

दडपणालाही जागा आहे, पण कौशल्य उभं राहिल्यानंतर. आउडेयान्स यांनी २००८ मध्ये पोलिसांवर केलेला अभ्यास या दृष्टीनं वाचण्यासारखा आहे. काही पोलिसांनी पुठ्ठ्याच्या निशाणावर सराव केला. काहींनी रंगखुणेच्या काडतुसांनी उलट गोळी झाडणाऱ्या माणसासमोर. आधी दोघांचाही नेम दडपणाखाली ढासळत होता. दडपणातच सराव केलेल्यांचा नेम नंतर टिकला, पुठ्ठ्यावर सराव केलेल्यांचा पुन्हा ढासळला. नेमबाजी त्यांना आधीपासून येत होती, हे इथे महत्त्वाचं. हातात पिस्तूल पहिल्यांदाच धरणाऱ्याला असं शिकवलं असतं, तर तो फक्त घाबरायला शिकला असता.

हे मी पोलीस भरतीच्या तयारीतल्या मुलामुलींसाठीही लिहिते आहे. आमच्या भागात पहाटे रस्त्याच्या कडेनं धावणारी ही तरुण मंडळी रोज दिसतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. गोळाफेकीचे १५ गुण. धावणं सगळेच घोटून करतात, पण ७.२६ किंवा ४ किलोचा गोळा अनेकांच्या हाती पहिल्यांदा येतो तो चाचणीच्या थोडे दिवस आधी, आणि त्यांनी तो लोकांसमोर कधी फेकलेलाच नसतो. चाचणीच्या दिवशी रांगेतली नजर आणि मोजणाऱ्याची पट्टी पाहून खांदे जखडतात, आणि घरी जेवढा जात होता त्याच्या कितीतरी अलीकडे गोळा पडतो. हा ताकदीचा प्रश्न नाही. आधी सैल अंगानं तंत्र बसवायचं आणि शेवटच्या आठवड्यांत मित्रांना रांगेत उभं करून, मोजपट्टी धरून, ओळखीची-अनोळखी माणसं बोलावून फेकायचं, एवढी व्यवस्था असती तर हे गुण वाचले असते.

महोदय, शिक्षणाचा हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. वर्गात हे बऱ्यापैकी रुजलं. मैदानावर मात्र उठाबशा, उन्हात उभं करणं, सगळ्यांदेखत नक्कल करणं, लठ्ठपणावरून किंवा बायकीपणावरून हिणवणं हे अजून ‘शिस्त’ या नावाखाली चालतं. मुलींच्या बाबतीत मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बघ्यांच्या शेरेबाजीची भर पडते, आणि शिक्षक तिकडे काणाडोळा करतात. कायद्याच्या दृष्टीनं हे चूक आहेच. माझं म्हणणं असं की खेळाच्या दृष्टीनंही ते निव्वळ नुकसानीचं आहे.

म्हणून आपल्याकडे काही मागण्या करते. त्यांतल्या बहुतेकींना पैसा लागत नाही.

क्रीडा शिक्षकांच्या आणि प्रशिक्षकांच्या प्रत्येक उजळणी वर्गात भीती आणि हालचालींचं शिकणं या विषयावर किमान एक पूर्ण दिवस ठेवावा. व्याख्यानापुरता नको. शिक्षकांनी स्वतः न येणारी एखादी हालचाल सहकाऱ्यांच्या नजरेखाली शिकून पाहावी, म्हणजे विषय अंगाला कळेल.

शिकण्याचे आठवडे आणि निवडीचे दिवस वेगळे करावेत. आज अनेक शाळांत मनपा किंवा तालुका पातळीच्या स्पर्धेची तारीख आली की पहिल्याच तासाला निवड चाचणी होते आणि ज्यांना आधीपासून येतं त्यांचीच नावं लागतात. बाकीची मुलं वर्षभर प्रेक्षक. सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत वेळ न मोजता, गुण न देता, चुका करायला मोकळीक देऊन शिकवावं, अशी सूचना शाळांना परिपत्रकानं जावी. कौशल्य बसल्यावर मग टप्प्याटप्प्यानं बघे, गुण, पंच आणि स्पर्धा आणाव्यात. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांपायी खेळाडू मुलांवर घरूनही दडपण येतं. तेव्हा पालकसभेत याविषयी बोलण्याची जबाबदारी क्रीडा शिक्षकावर सोपवावी.

सुरक्षा ही भीतीवरची पहिली उपाययोजना मानावी. जाड गादी, कमी उंचीचा सरावाचा मल्लखांब, आधार देणारा प्रशिक्षित हात या गोष्टी असतील तर धीर देणारी भाषणं करावी लागत नाहीत. धोका खरा असेल तर भीती योग्यच आहे, आणि ती हसण्यावारी नेणारा प्रशिक्षक बेजबाबदार ठरतो.

ज्या मुलाची भीती मैदान सोडल्यावरही जात नाही, झोप आणि जेवण बिघडवते, शाळेत यायलाच नको म्हणायला लावते, त्याला मदत कुठे मिळेल हे प्रत्येक क्रीडा शिक्षकाला ठाऊक असावं. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीच्या दारावर हा क्रमांक लावायला एक कागद पुरतो.

आणि शेवटचं : मैदानावरच्या अपमानाला कलम १७ लागू आहे, हे आपल्या खात्यानं आपल्या शब्दांत, आपल्या सहीनं, राज्यातल्या प्रत्येक क्रीडा शिक्षकाला एकदा कळवावं.

आपल्या खात्याचं यश पदकांच्या संख्येवर मोजलं जातं, याची मला जाणीव आहे. पण पदकापर्यंत पोचणारी मुलं मुठीत मावतील एवढी. उरलेल्या लाखोंसाठी शाळेतला खेळाचा तास हाच आयुष्यातला बहुधा एकमेव काळ, जेव्हा कोणी त्यांना शरीर कसं वापरायचं ते शिकवतं. त्या तासात त्यांनी पोहणं, उडी, तोल, पकड शिकावी, का आपल्याला काहीच जमत नाही हे शिकावं, हे आपल्या प्रशिक्षकांच्या बोलण्यावर ठरतं. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आधी प्रशिक्षकांचे उजळणी वर्ग होतील, तेव्हा या विषयाचा एक दिवस त्यांत असावा, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक क्रीडा शिक्षकाला माझं सांगणं आहे : परिपत्रकाची वाट पाहू नका. उद्याच्या तासाला जे मूल सर्वांत मागे उभं राहील, त्याला आधी गर्दीपासून बाजूला न्या, गादी टाका, आणि एकच सोपी सूचना द्या.

आपली,
विठ्ठलवाडीतील एक क्रीडा शिक्षिका